कर्नलसाहेबांचा फ्लोट

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागे एकदा हाच किस्सा सांगताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचं खापरसुद्धा माझ्याच डोक्यावर फुटलं.

तर मंडळी, माणूस एका टिंबापायी किती खोल खड्ड्यात जाऊ शकतो, त्याचा नमुना तुमच्यासमोर बसलाय. टिंब म्हणजे साधं दशांशचिन्ह हो! शाळेत आपण गणिताच्या वहीत द्यायचो तेच. फरक एवढाच, की शाळेत ते चुकलं तर मास्तर हातावर छडी मारायचे. माझ्या बाबतीत पूर्ण कचेरीला चुना लागला. खराखुरा चुना, बादलीतला. सांगतो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी देवरूखचा, नुकताच इंजिनीयर झालेला, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून जमिनीपासून चार बोटं वरून चालणारा. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी एका सरकारी कचेरीत हंगामी नोकरी लागली. कचेरीचं नाव विचारू नका. तिथली माणसं अजून मला बघून हसतात.

कचेरीचं काम काय? समुद्राचं पाणी मोजणं. खरंच! जेट्टीच्या टोकाला एक जाडजूड पाइप पाण्यात उभा सोडलेला होता आणि त्याच्या पोटात तांब्याचा पोकळ गोळा तरंगत असे. त्याला सगळे फ्लोट म्हणायचे. भरतीला गोळा वर, ओहोटीला खाली, आणि त्याला बांधलेल्या तारेवर नाचणारं एक पेन गुंडाळीच्या कागदावर सतत रेघ ओढत असायचं.

त्या रेघेच्या मालकीणबाई म्हणजे आपटेबाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, किरकोळ अंगाच्या, जाड चष्म्याच्या. चार वर्षांत त्यांनी त्या रेघेत एका तासाचा खंड पडू दिला नव्हता. गणपती असोत, शिमगा असो, अंगात ताप असो, बाई कागद बदलायला जेट्टीवर हजर! त्या चार वर्षांच्या रेघेवरून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तो पुढच्या भरतीची वेळ आणि उंची सांगणार होता. मुंबईची वरची कचेरी त्याची परीक्षा घेणार होती. पास झाला, तर हे काम रत्नागिरीतच राहणार. नापास झाला, तर कॉम्प्युटर मुंबईला आणि बाई पुन्हा फायलींच्या टेबलावर. थोडक्यात, बाईंचं सगळंच त्यात अडकलं होतं.

आणि मी? मी म्हणजे आगीत तेल ओतायला नेमलेला माणूस.

आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, आणि तो एका वेळी एकच काम करणारा. बाईंचा प्रोग्राम चालू असला, की मशीनमधली फ्लोटची नोंद आणि घड्याळ बंद. मी छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, दोन्ही कामं एकदम करून दाखवतो!"

साहेब म्हणजे सावंतसाहेब, आमचे मुख्य. मनाचे चांगले, पण वरून कागद आला की उभे राहून वाचणारे. ते म्हणाले, "जमेल तुला?"

"साहेब, मी स्वतःची सिस्टीम लिहितो!"

आणि लिहिली की! तीन महिने खपून मशीनच्या पोटात बसणारा एक मुकादम तयार केला. कोणत्या प्रोग्रामनं कधी काम करायचं, कधी थांबायचं, हे सगळं तो ठरवणार. ह्या मुकादमाला आमच्या धंद्यात म्हणतात कर्नल. मिलिटरीतला नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं, पण तोंडानं उच्चार तोच. मात्र कचेरीत मी त्याला नुसतं 'माझी सिस्टीम' म्हणायचो. कर्नल हा शब्द फक्त मी आणि मुंबईला असलेले माझे गुरू साठेसर ह्यांच्या पत्रांतला. हे नीट लक्षात घ्या, नाहीतर पुढे मला उगाच शिव्या द्याल. मला द्यायच्या शिव्या पुष्कळ शिल्लक आहेत.

मी कर्नल लिहायला घेतला तेव्हा साठेसरांनी तीन पानी पत्र पाठवलं होतं. पहिल्या पानावर माझं कौतुक होतं. ते मी अकरा वेळा वाचलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांवर सूचना होत्या. आता खरं सांगा, तुम्ही वाचल्या असत्या?

मग!

गडबड घड्याळापासून झाली. त्या मशीनचं काळीज सेकंदाला अठरा पूर्णांक दोन दशांश इतक्या ठोक्यांनी धडधडायचं. नुसते अठरा धरले, तर घड्याळ दिवसाला सोळा मिनिटं पुढे पळायचं. मी विचार केला, त्यात काय मोठंसं? ठोके मोजायचे आणि १८.२ नं भागायचे. कर्नलमध्ये, दर ठोक्याला. घड्याळ इतकं बरोबर चालायला लागलं, की सावंतसाहेब आपलं मनगटी घड्याळ त्याच्यावर लावायचे.

आता ह्यात चूक काय ती सांगतो, सोपी आहे. दशांशाची गणितं करायला मशीनमध्ये एक वेगळी चिप होती, आठ खणांची. पाट्यावर आपटेबाई खोबरं वाटतायत असं समजा. त्या क्षणभर मान वळवतात, तेवढ्यात मी येतो, त्याच पाट्यावर माझी मिरची वाटतो आणि पाटा न पुसता निघून जातो. बाई पुन्हा वाटायला लागतात. आता ती चटणी कसली होणार? आणि हे मी सेकंदाला अठरा वेळा करत होतो! म्हणून कर्नलमध्ये दशांश वापरायचा नाही, पूर्णांकांतच भागवायचं. साठेसरांच्या पत्रात पान दोन, सूचना पहिली.

पण मजा अशी, की चटणी दर वेळी बिघडायची नाही. बाईंचं वाटण नेमकं चालू असताना माझी मिरची पडली तरच. त्यामुळे बाईंचा प्रोग्राम सोमवारी बरोबर, मंगळवारी बरोबर, आणि बुधवारी म्हणायचा की भाट्याच्या खाडीत पाणी बहात्तर मीटर चढणार. म्हणजे रत्नदुर्गावर मासे!

माझा जीव नुसता टांगणीला लागला. बसवेना, उभं राहवेना. दर दहा मिनिटांनी जेट्टीवर जाऊन पाणी बघायचं, पळत येऊन पडद्यावरचा आकडा बघायचा, पुन्हा जेट्टी. नखं संपली तेव्हा पेन्सिली चावायला घेतल्या. सावंतसाहेब म्हणाले, "विनायक, पायांना चाकं लावलीयत का रे? बस की मेल्या एका जागी!"

आपटेबाईंनी एकदा हळूच विचारलं, "तुमच्या सिस्टीममध्ये तर काही नसेल ना?"

"माझ्या?" मी असा दचकलो, जणू कोणी माझ्या आईला नावं ठेवली. "बाई, माझी सिस्टीम घड्याळासारखी चालतेय. बघा, घड्याळच चालतंय!"

मग दोष कोणाचा? आधी मी खाऱ्या हवेला धरलं. मग व्होल्टेजला. मग अर्थिंगला. त्यासाठी अंगणात खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरला. खाऱ्या हवेवर उपाय म्हणून मीठ! आणि हे सगळं संपल्यावर शेवटी मी, तोंड वर करून, बाईंच्या प्रोग्रामकडे बोट दाखवलं.

बाईंनी सगळं गणित हातानं तपासायला घेतलं. तीन आठवडे! पानंच्या पानं आकडे. मी त्यांच्या टेबलावरून गेलो, की त्या मान वर करून ओशाळल्यासारखं हसायच्या. त्या ओशाळायच्या, बघा!

शेवटी 'माझी सिस्टीम निर्दोष आहे' असा शिक्का मिळवायला मी कर्नलचा छापील कागद साठेसरांना पोस्टानं पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसलो असतो, तर तुम्ही आज चहा प्यायला कशाला जमला असतात?

त्याच आठवड्यात, गुरुवारी, खाडीबाहेर जाऊन पाण्याची खोली मोजायची होती. कचेरीच्या कामाला होडी नेहमी गणपत तांडेलाची. साठीचा माणूस, उन्हानं रापलेला, बोलणं मोजकं. सकाळी आठला येऊन म्हणाला, "चला साहेब, आज बारस हाय. नवाला भरती. आताच भाईर पडूया."

मी पडद्याकडे बघितलं. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं!

"तांडेल, भरती पावणेबाराला आहे. आपण साडेअकराला निघू."

"नाय वो. तवर पानी उतरंल. तोंडावर वाळू हाय, होडी बसंल."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिथीनं. तिथीला तिनानं गुणायचा, चारानं भागायचा. बार त्रिक छत्तीस, चारानं भागले नऊ. नवाला भरती. माझो बापूस असाच करायचा."

मी हसलो. आठवलं की अजून अंगावर काटा येतो, पण मी हसलो. म्हणालो, "तांडेल, आमचं गणित दशांशाच्या सहा घरांपर्यंत असतं."

तांडेलानं माझ्याकडे बघितलं, खाडीकडे बघितलं, विडी काढली. "बरा. तुमी बोलताय तर साडेअकरा."

साडेअकराला निघालो. मी नवी पँट घालून पुढे उभा. खाडीच्या तोंडाशी पोचतोय तोच खालून 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि होडी बसली.

"काय झालं?"

"वाळू," तांडेल म्हणाला, आणि खाली बसला.

"ढकलू या का?"

"पानी उतरताय. ढकलून काय व्हनार? बसा."

"किती वेळ?"

त्यानं बोटांवर मोजलं. "साडेसा."

सात तास! मंडळी, सात तास म्हणजे काय ते घड्याळाच्या दुकानात कळत नाही, वाळूत रुतलेल्या होडीत कळतं. दुपारी तीनला तर चहूबाजूंनी वाळू उघडी पडली. लंगडी खेळावी एवढी! किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघतायत. तांडेल म्हणाला, "मधी कमरंएवढाच पानी हाय, चालत जावा की." पण चालत जायचं म्हणजे त्या सगळ्यांच्या समोरून, भिजलेल्या नव्या पँटीत! त्यापेक्षा मी बसलो. उठलो, पुन्हा बसलो, होडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घातल्या. तांडेलानं भाकरीवर सुकट घेतलं, मला भाकरी आणि कांदा दिला. आणि एवढ्या सात तासांत तो माणूस 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

साडेसहाला होडी तरंगली. किनाऱ्यावर सावंतसाहेब आणि आपटेबाई उभे होते. साहेबांनी विचारलं, "काय रे, कोणाची चूक?"

आणि मी, भाजलेल्या तोंडानं, म्हणालो, "प्रोग्रामची, साहेब."

साहेब बाईंकडे वळले. "बाई, आता मात्र मुंबईला कळवावं लागेल."

बाई म्हणाल्या, "मी पुन्हा एकदा तपासते." बस्स, एवढंच. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. पुन्हा त्यांच्यासमोर जायला नको म्हणून मी शुक्रवारची रजा टाकून सकाळच्या एसटीनं सरळ देवरूख गाठलं. आईनं तोंडाला कोरफड लावली. पण चैन कुठलं? जेवताना पानावर बोटानं १८.२ लिहीत होतो. आई म्हणाली, "अरे, वरणात काय गिरवतोयस?"

इकडे शुक्रवारी दुपारी कचेरीत माझ्या नावानं तार आली. साठेसरांची.

सरांनी तार फोनवरून सांगितली होती, आणि तारवाल्यानं, बिचारा सुशिक्षित असावा, कर्नल म्हटल्यावर मिलिटरीतल्या कर्नलचं स्पेलिंग टाकलं. तार इंग्रजीत, स्वल्पविराम-पूर्णविराम काही नाही. 'रिमूव्ह फ्लोट फ्रॉम कर्नल इमीजिएटली डीटेल फॉलोज साठे.'

आमच्या धंद्यात दशांशाच्या आकड्यालाही फ्लोट म्हणतात. सरांना म्हणायचं होतं, की गाढवा, तुझ्या कर्नलमधला दशांश आधी काढ, तपशील पत्रानं पाठवतो.

सावंतसाहेबांनी ती उभं राहून वाचली. त्यांनी काय वाचलं? फ्लोट काढा, फ्रॉम कर्नल, म्हणजे हुकूम कर्नलकडून, ताबडतोब. सही, कर्नल साठे!

साहेबांचे सासरे पालीचे, निवृत्त सुभेदार. साहेबांनी ताबडतोब त्यांना बोलावून घेतलं. सुभेदारांनी तार हातात धरली आणि गंभीर होऊन म्हणाले, "जावईबापू, डीटेल म्हणजे काय समजलात? फौजेत डीटेल म्हणजे कामगिरीवरची तुकडी. कर्नलसाहेब पुढे येतायत, तुकडी मागून येतेय."

झालं!

सोमवारी सकाळी मी पहिल्या एसटीनं परत आलो तर फाटकापासून दारापर्यंत चुन्याचे पांढरेफेक दगड. झाडांना गेरू. व्हरांड्यात हिरव्या कापडाचं टेबल आणि त्यावर, चिंचेनं घासून देवासारखा लखलखीत केलेला, आपला फ्लोट! पाइपातून काढलेला! मागच्या बाजूला वीस माणसांच्या चहाचं आधण. गणपत तांडेल धुतलेला सदरा घालून बाकावर, त्यालाही आवतण होतं. आणि अंगणात, भर उन्हात, छातीवर पदकं लावून सत्तरीपुढचे सुभेदार ताठ उभे.

सावंतसाहेब कोट घालून धावत आले. मे महिन्यात कोट! "आलास? बरं झालं. कर्नलसाहेब तुझ्या ओळखीचे दिसतायत, तार तुझ्या नावानं आहे. कधी येतायत?"

"कोण कर्नल?"

त्यांनी तार पुढे केली. मी वाचली. पुन्हा वाचली. आणि एका झटक्यात सगळं दिसलं हो! फ्लोट, कर्नल, १८.२, आठ खण, बाईंची चटणी, वाळूतली होडी. मुंबईतून सरांनी एका ओळीत माझं सगळं ज्ञान काढून माझ्या हातात ठेवलं होतं.

आता सरळ सांगून टाकायचं ना? पण सांगायचं म्हणजे काय? की साहेब, हा कर्नल मीच लिहिलाय, चूक बाईंची नाही, माझी आहे, आणि तुम्ही रंगवलेले दगड धुऊन टाका?

"स्वभावानं कसे आहेत रे?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना... त्यांना अर्धवट काही चालत नाही," मी म्हणालो, आणि आत पळालो.

ठरवलं, आधी गुपचूप दुरुस्त करू, मग बघू. मशीनसमोर बसलो. अठरा पूर्णांक दोनला दशांशाशिवाय भागायचं कसं? आणि डोळ्यांसमोर तांडेलाची बोटं आली. तिनानं गुणायचा, चारानं भागायचा. टिंब कुठाय त्यात? कुठेच नाही! पाच सेकंदांत ठोके किती? बरोबर एक्याण्णव. मग दर ठोक्याला पाच मिळवत जा, एक्याण्णव भरले की एक सेकंद पुढे सरकव, उरलेले ठेवून दे. सगळे पूर्णांक. चार ओळींचं काम! पाण्याचं गणित मला त्या माणसानं होडीत बसायच्या आधीच शिकवलं होतं आणि मी हसलो होतो.

चार ओळी लिहिल्या. पण त्या मशीनच्या भाषेत उतरवायला मशीन वीस मिनिटं घ्यायचं. सोळाव्या मिनिटाला लाइट गेली.

मी खोलीत पिंजऱ्यातल्यासारखा फिरायला लागलो. कोपऱ्यात आपटेबाई बसल्या होत्या, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. पुढ्यात गुंडाळीचा कागद. शुक्रवारी दुपारपर्यंत रेघ, आणि पुढे कोरा.

"मिलिटरीचं काम असेल तर मी काय बोलणार," त्या कागदावरून हात फिरवत म्हणाल्या. "पण विनायक, चार वर्षं हो. तापातसुद्धा एक तास चुकवला नव्हता."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात लाइट आली. मी पुन्हा मशीनला चिकटलो. वीस मिनिटं! ह्या वेळी पूर्ण झाली. बाईंचा प्रोग्राम चालवला. आजची भरती बारा वाजून बावीस. पुन्हा चालवला, बारा बावीस. दहा वेळा चालवला, दहाही वेळा बारा बावीस! खिडकीतून ओरडलो, "तांडेल, आज भरती किती वाजता?"

"बाराच्या आसपास," बाहेरून उत्तर आलं.

जिंकलो! आता कोणाला काही सांगायची गरजही नव्हती. कर्नल आलेच नाहीत, फिरकलेच नाहीत, असं म्हणून दिवस ढकलता आला असता. मी तसं ठरवलंही. आणि तेवढ्यात खिडकीतून सुभेदार दिसले. दीड तास झाला होता, म्हातारा अजून ताठ उभा. कोणीतरी खुर्ची नेऊन ठेवली होती. ते म्हणत होते, "कर्नलसाहेब यायच्या आधी बसायचं नसतं." आणि त्यांचा उजवा गुडघा थरथरत होता.

मंडळी, मी भित्रा आहे, पण तो गुडघा मला बघवेना.

बाहेर गेलो. "सुभेदारसाहेब, बसा. कर्नल येणार नाहीत."

"का?" सावंतसाहेब.

"ते आत आहेत."

"आत? कधी आले? आणि मला कोणी सांगितलं नाही!" साहेबांनी कोटाची बटणं लावली.

"म्हणजे मशीनच्या आत. मीच लिहिलेत ते. ते माणूस नाहीत, साहेब. आणि फ्लोट म्हणजे हा गोळा नव्हे, दशांशचिन्ह. मी त्यांच्यात दशांश घातला होता, तो आता काढला."

मग मी सगळं सांगितलं. पाटा, मिरची, पान दोन, सगळं. बाईंच्या प्रोग्राममध्ये एका अक्षराची चूक नव्हती, हेही सांगितलं, आणि ते मी मोठ्यानं सांगितलं.

सुभेदार खुर्चीवर बसले. विचार करून म्हणाले, "म्हणजे कर्नलचा हुकूम पाळला गेला ना?"

"हो."

"मग झालं," म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला.

आपटेबाई पुढे आल्या. त्यांनी कर्नलचा छापील कागद मागून घेतला, ती १८.२ ची ओळ बघितली. "एवढंसं टिंब," म्हणाल्या. "ह्यासाठी मी तीन आठवडे हातानं कोसाइन काढल्या?" आणि मग त्यांना हसू फुटलं. आवरेचना. चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या, आणि त्यात हसू किती आणि दुसरं काय किती, ते मला नीट कळलं नाही. वीस कप चहा आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला, आणि दुपारच्या भरतीला तांडेलानं आणि मी जेट्टीवर जाऊन फ्लोट पाइपात परत सोडला.

पुढे? मुंबईची परीक्षा झाली. बाईंचा प्रोग्राम पास झाला, काम रत्नागिरीतच राहिलं. बाईंनी मला माफही केलं. पण त्या नोंदी चोख ठेवणाऱ्या बाई. तीन दिवस रेघ का नाही, ह्याचं कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहायलाच हवं होतं. त्यांनी जे घडलं तेच लिहिलं, 'कर्नलच्या हुकुमावरून फ्लोट काढला होता.'

महिनाभरात मुंबईहून कागद आला. सदर कर्नलचे संपूर्ण नाव, हुद्दा आणि असा हुकूम देण्याचा अधिकार कळवावा.

सावंतसाहेबांनी तो बसूनच वाचला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "तुझा कर्नल, तूच लिही."

मी लिहिलं. नाव, विनायक लिमये. हुद्दा, हंगामी. अधिकार, नाही.

साहेबांनी खाली सही केली आणि शेरा मारला, 'समक्ष खात्री केली. बरोबर आहे.'